पशुवैद्याला विचारा: नाकातून रक्त, गोठ्यात उंदरांच्या वड्या

प्रश्न: आमचा तीन वर्षांचा कुत्रा मोती कालपासून मलूल आहे. हिरड्या पांढरट, नाकातून रक्त येतंय. गेल्या आठवड्यात गोठ्यात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या होत्या. की हा गोचीडताप असेल? – एक वाचक, फलटण

उत्तर: वड्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. हे विष के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं. रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत तीन-चार दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं. आजच दवाखाना गाठा, वड्यांचं पाकीट सोबत न्या. पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) आणि प्लेटलेट दोन्ही तपासा. पीटी लांबली असेल तर संशय वड्यांवर; पीटी ठीक पण प्लेटलेट फारच कमी, तर गोचिडांवर. रक्त मानेतून काढू देऊ नका. पायाच्या शिरेतून घ्यायला सांगा आणि जागा चांगली दाबून धरा. हिरड्या पांढऱ्या म्हणजे बहुधा रक्त चढवावं लागेल. वेदनाशामक गोळी घरून अजिबात नको.

वड्यांचंच विष ठरलं तर पुढे के-१च्या (के जीवनसत्त्वाचा एक प्रकार) गोळ्या साधारण चार आठवडे, तूप घातलेल्या भाताबरोबर. के-३ चालत नाही, दुकानदार काही म्हणो. रक्त थांबलं की लोक गोळ्या बंद करतात, याचा मला फार राग येतो. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी पीटी पुन्हा करा.