वाचक विचारतात : जपानमध्ये घर आणि गाडी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको निशिकासाईत भाड्याने राहतो. दोघांचीही नोकरी पक्की आहे, पण पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, नाही. फ्लॅट घेता येईल का? (तोक्यो)

घेता येईल. जपानमध्ये परदेशी माणसालाही जमिनीसकट पूर्ण मालकी मिळते, त्यासाठी पीआरची अट नाही. अडतं ते कर्जापाशी. 'फ्लॅट ३५' हे सरकारी पाठबळाचं स्थिर व्याजाचं कर्ज पीआरशिवाय परदेशी माणसाला मिळत नाही. काही बँका कर्ज देतात, पण साधारण २० टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम तुमची स्वतःची मागतात. म्हणून आधी बँकेकडून कर्जाची पूर्वतपासणी करून घ्या आणि मगच घरं बघायला निघा.

करार करताना ५ ते १० टक्के बयाणा द्यावा लागतो. व्यवहाराची अंमलबजावणी सुरू होण्याआधी तुम्ही माघार घेतलीत तर तो बुडतो. विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. कर्ज नामंजूर झाल्यास बयाणा परत मिळेल, ही अट बँकेच्या नावासह आणि मुदतीच्या तारखेसह करारात लिहून घ्या. मुदत उलटल्यावर बँकेचा नकार आला तर या अटीचा उपयोग होत नाही. करारापूर्वी एजंट 'जूयो जिको सेत्सुमेई' म्हणजे घराविषयीची महत्त्वाची माहिती वाचून दाखवतो. तो मसुदा काही दिवस आधी मागून घ्या आणि जपानी नीट वाचणाऱ्या माणसाला दाखवा. सहीच्या टेबलावर तो पहिल्यांदा ऐकणं धोक्याचं आहे.

४ कोटी येनच्या फ्लॅटवर दलालीची कमाल मर्यादा ३ टक्के अधिक ६०,००० येन, त्यावर १० टक्के उपभोग कर, म्हणजे १३,८६,००० येन. नोंदणी, मुद्रांक आणि कर्जाचं शुल्क धरून जुन्या घरासाठी किमतीच्या ६ ते ८ टक्के रक्कम वेगळी ठेवा. घर घेतल्याबद्दल लागणाऱ्या संपादन कराचं बिल तर ताबा मिळून काही महिने झाल्यावर येतं. तोवर खातं रिकामं करू नका.

दरमहा देखभाल शुल्क आणि दुरुस्ती निधी, म्हणजे आपला सिंकिंग फंड, भरावा लागतो. नव्या इमारतीत हा निधी मुद्दाम कमी ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यामुळे आजचा आकडा बघून भुलू नका. दीर्घकालीन दुरुस्तीचा आराखडा आणि निधीतली शिल्लक मागा. आणि कंपनीने भारतात परत बोलावलं तर? गृहकर्ज स्वतः राहण्यासाठी दिलेलं असतं, बँकेला न विचारता घर भाड्याने देणं हा करारभंग ठरतो. शिवाय तिथला मालमत्ता कर भरण्यासाठी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो.

प्रश्न : जपानच्या खेड्यांत ओसाड घरं अगदी स्वस्तात मिळतात असं ऐकलं. पुण्यातून घेता येईल का? (पुणे)

घेता येईल, पण घरामुळे व्हिसा मिळत नाही, हे आधी मनात पक्कं करा. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात सगळ्या प्रकारची मिळून रिकामी घरं सुमारे ९० लाख होती, त्यात भाड्यासाठी किंवा विक्रीसाठी रिकामी असलेलीही आली. स्वस्ताईला कारणं असतात.

पहिलं कारण रस्ता. शहर-नियोजनाच्या हद्दीत भूखंडाची किमान २ मीटर बाजू ४ मीटर रुंद रस्त्याला लागून नसेल, तर जुनं घर पाडून नवं बांधायची परवानगी सहसा मिळत नाही. दुसरं भूकंप. १ जून १९८१ पासून नवे निकष लागू झाले. तारीख बघायची ती बांधकाम परवान्याची, घर पूर्ण झाल्याची नव्हे. १९८२ मध्ये पूर्ण झालेलं घर जुन्या निकषांचं असू शकतं. घरासोबत शेतजमीन येत असेल तर कृषी समितीची वेगळी परवानगी लागते.

भारतातून पैसे पाठवायला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली दर आर्थिक वर्षाला माणशी २.५ लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो; तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. घर झाल्यावर ते विवरणपत्राच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायलाच हवं.

प्रश्न : योकोहामात गाडी घ्यायची आहे. सुरुवात कुठून करावी? (योकोहामा)

पार्किंगपासून. जागा असल्याचा पोलिसांचा दाखला, 'शाको-शोमेइशो', नसेल तर साधी, म्हणजे ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या 'केई' वर्गात न मोडणारी, गाडी तुमच्या नावावर होत नाही. जागा घरापासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत हवी. अर्जासोबत नकाशा आणि जागामालकाचं संमतिपत्र लागतं. इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर उंचीची मर्यादा आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी ती १५५ सेंटिमीटर असते आणि लोकप्रिय उंच 'केई' गाड्या त्यात बसत नाहीत.

साध्या गाडीच्या नोंदणीला वॉर्ड ऑफिसात नोंदवलेल्या, सहीऐवजी वापरायच्या शिक्क्याचा दाखला लागतो, ६६० सीसीच्या 'केई'ला रहिवासाचा दाखला चालतो. सक्तीचा विमा फक्त दुसऱ्या माणसाच्या इजेचा, मृत्यूसाठी कमाल ३ कोटी येन. समोरची गाडी किंवा भिंत त्यात येत नाही, म्हणून ऐच्छिक विमा घ्याच. 'शाकेन', म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याची सक्तीची तपासणी, नव्या गाडीला ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी.

वाहन कर १ एप्रिलला ज्याच्या नावावर गाडी असेल त्याला वर्षभराचा लागतो. मायदेशी परतणार असाल तर नोंदणी ३१ मार्चच्या आत रद्द करा. साधी गाडी वर्षाच्या मध्ये मोडीत काढली तर उरलेल्या महिन्यांचा कर परत मिळतो, 'केई'चा मिळत नाही.