वाचकांचे प्रश्न : खेळाडूचा कोच होताना

(राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर मागच्या अंकात छोटं टिपण होतं. त्यावर ग्वाल्हेरहून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.)

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा आहे. राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचला, संघात जागा मिळाली नाही. आता कोच व्हायचं म्हणतो, पण मित्र सांगतात की देशाकडून खेळलेल्यालाच कोणी विचारतं. हे खरं आहे का?
– एक पालक, जिवाजीगंज, लष्कर

उत्तर : अर्धं खरं. देशाची जर्सी घातलेल्या माणसाला पहिली मुलाखत लवकर मिळते, ड्रेसिंग रूममध्ये पहिले दोन आठवडे त्याचं निमूट ऐकलंही जातं. त्यापुढे ती जर्सी फारशी कामाला येत नाही.

जमील यांचंच पाहा. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळले, भारताकडूनही मिडफिल्डमध्ये खेळले. २००९ मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच मुंबई एफसीचे कोच झाले. तिथे सात हंगाम काढले. मोठा करंडक एकही आला नाही. काम होतं बेताच्या पैशात संघ वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवण्याचं. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल क्लबकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी आय-लीगमधून (तेव्हाची वरची राष्ट्रीय लीग) खाली घसरला होता, मग त्याला परत घेतलं गेलं. त्याच संघाने ३७ गुणांसह विजेतेपद मिळवलं, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून. मग ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड असा प्रवास. नॉर्थईस्टमध्ये आधी दुय्यम भूमिका, मग हंगामी कोच, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पूर्णवेळ मुख्य कोच. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हे पद पूर्णवेळ मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे जमशेदपूर, आणि १ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय संघ. बूट काढल्यापासून तिथवर १६ वर्षं गेली. लोकांना शेवटचं वर्ष दिसतं, मुंबईतले सात हंगाम दिसत नाहीत.

उलटं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षक. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेतली दोन्ही सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक त्यांच्याच हाताखाली आला. १९६२ च्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी त्यांच्या हाताखालचेच. पी. के. पुढे कोच झाले. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानला ५-० ने हरवलं आणि पुढच्या वर्षी हेच गृहस्थ मोहन बागानचे कोच झाले. कोलकात्यात असं करायला छाती लागते!

तुमच्या मुलाचं वय सुरुवातीला उत्तम आहे. पस्तिशीपर्यंत खेळून मग पाटी कोरी ठेवून उभं राहणाऱ्यापेक्षा तो दहा वर्षं पुढे असेल.

प्रश्न : इथल्या एलएनआयपीईतून (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था) शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा करावा की थेट फुटबॉल कोचचं डी लायसन्स? तिघांचे सल्ले तीन.
– मुरार

उत्तर : सल्ले तीन आहेत कारण नोकऱ्या तीन तऱ्हेच्या आहेत. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवी लागते, आणि १९५७ पासून चालू असलेली ही संस्था आपल्या शहरातच असताना त्यासाठी बाहेरगावी जायचं कारण नाही. सरकारी क्रीडा खात्यातल्या किंवा साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरण) प्रशिक्षकपदाच्या जाहिरातींत बहुतेकदा एनआयएसचा डिप्लोमा मागतात. क्लबच्या बाकावर कोच म्हणून बसायचं असेल तर मात्र फुटबॉल महासंघाचं लायसन्स हवं. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. एनआयएस झालेल्या माणसालाही क्लब विचारणार, ‘लायसन्स कुठलं?’

लायसन्सच्या पायऱ्या अशा : डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वरच्या लीगच्या मुख्य कोचला प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स लागतं. सहसा पायरी गाळता येत नाही, आणि दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात प्रत्यक्ष संघ सांभाळलेला असावा लागतो. घोडं पेंड खातं ते इथे. डी करून मुलं घरी बसतात, हाताशी संघच नसतो, आणि सीचा अर्ज भरायला बसल्यावर दाखवायला काही उरत नाही. म्हणून डीला जायच्या आधीच एखाद्या शाळेची किंवा मोहल्ल्यातली चौदा-पंधरा पोरं धरा आणि एक वही घाला. तारीख, किती मुलं आली, विषय कोणता, मैदान किती मीटरचं आखलं, आणि सराव चालू असताना काय बदलावं लागलं. यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी भरत नाही. कोर्सची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन पद्धतीने होते, तारखा राज्य संघटनेकडून कळतात. जागा मोजक्या असतात, तेव्हा कागदपत्रं आधीच तयार ठेवा.

प्रश्न : मी स्वतः चांगला खेळतो, तरी डीच्या प्रात्यक्षिकात ‘पुन्हा द्या’ असा शेरा मिळाला. विषय होता पास आणि साथ (चेंडू असलेल्या गड्याच्या मदतीला जाणं). चूक कुठे होत असेल?
– थाटीपूर

उत्तर : चांगल्या खेळाडूंचीच इथे जास्त गडबड होते. खेळाडूला चेंडू दिसतो, कोचला चेंडूपासून लांब असलेली माणसं दिसायला हवीत. प्रात्यक्षिकात साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात, बरोबरचे प्रशिक्षणार्थीच खेळाडू होतात. त्या वेळात परीक्षक एवढंच पाहतो की विषय मैदानावर दिसला का आणि तुमच्या बोलण्याने खेळ बदलला का.

या विषयासाठी साधी मांडणी घ्या. १२ × १२ मीटरचा चौकोन, चौघं बाहेरच्या चार बाजूंना, दोघं मध्ये चेंडू हिसकावणारे. खुणेचे प्लास्टिकचे कोन दोन रंगांचे, बिब (वरून घालायची रंगीत बंडी) दोघांना, आणि चार-पाच चेंडू तुमच्या पायाशी, म्हणजे एक बाहेर गेला की लगेच दुसरा आत. दोन पासनंतर चेंडू सतत तुटत असेल तर जागा कमी पडते आहे, चौकोन १५ मीटरचा करा. मधल्या दोघांना चेंडू मिळतच नसेल तर १० वर आणा किंवा दोनच स्पर्शांची अट घाला. अनेकजण सुरुवातीला आखलेले कोन शेवटपर्यंत हलवतच नाहीत, खेळ फसला तरी. गुण तिथे जातात.

आता थांबवण्याबद्दल. चूक दिसली की शिट्टी, ‘आहात तिथेच थांबा’, आणि खरंच सगळे जागीच थांबलेत ना हे पाहा. चौघं पुढे सरकले की चित्र मोडलं, मग दाखवण्यासारखं काही राहत नाही. समजा, पास घेणारा चेंडूकडे छाती करून सरळ उभा आहे. त्याच्या मागे मोकळा असलेला गडी त्याला दिसत नाही, म्हणून तो चेंडू आला तसा परत देतो. त्याच्या कमरेची दिशा बदलून त्याला अर्धं वळवून उभं करा आणि चेंडू लांबच्या पायाने घ्यायला लावा. त्याच जागेवरून तोच पास पुन्हा द्यायला सांगा. जमला की ‘खेळा’ म्हणा आणि बाजूला व्हा. हे सगळं तीस-चाळीस सेकंदांत उरकायला हवं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं तोंड बंद! दर पंधरा सेकंदांनी थांबवणाऱ्या कोचच्या सरावात मुलं फक्त उभी राहतात. आणि स्वतः पास मारून दाखवायची हौस एकदाच भागवा. परीक्षा तुमच्या पायाची नसते.

सांगायचे मुद्दे तीनच ठेवा : शरीराची दिशा, पहिला स्पर्श, पास दिल्यावर हालचाल. शेवटची पाच-सहा मिनिटं ३० × २० मीटरवर चार विरुद्ध चार, छोटे गोल ठेवून. गोल नसलेल्या सरावात दिशा नसते, आणि दिशा नसली की साथ द्यायला नेमकं कुठे जायचं हेच कळत नाही. उभं राहताना चौकोनाबाहेर राहा, म्हणजे सगळे नजरेत येतील. समजावताना मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी जागा घ्या.

प्रश्न : क्लबकडे यशस्वी झालेले जमील राष्ट्रीय संघाला आशिया चषकात का नेऊ शकले नाहीत?
– शिंद्यांची छावणी

उत्तर : सुरुवात चांगली झाली होती. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानवर २-१ असा विजय, मग ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सीएएफए (मध्य आशियाई फुटबॉल संघटना) नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. आशिया चषकाच्या पात्रता गटात मात्र आधीच्या कोचच्या वेळचे दोन सामने होऊन गेले होते आणि त्यांतून एकच गुण आला होता : बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंवर आल्यावरही १-१ असं सावरलं. मग गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्धच लालियानझुआला छांगतेच्या गोलने आघाडी मिळाली, पण सामना १-२ ने गेला आणि तिथेच वाट संपली. त्या वेळी आयएसएलचा हंगाम सुरूच झाला नव्हता. शिबिरात कितीही पळवा, ऐंशीव्या मिनिटाला पाय कसे चालतात हे सामन्यांतूनच घडतं. जमील यांची पद्धत दाट बचावाची आणि शिस्तीची. अशा बचावात चौघांनी एकाच वेळी दोन पावलं मागे सरकायची सवय लागायला आठवडे जातात. क्लबमध्ये तेवढा वेळ असतो, राष्ट्रीय संघात खेळाडू अधूनमधून भेटतात. ज्याला पुढे कोच व्हायचं आहे त्याने हे सामने स्कोअर बाजूला ठेवून, बचावातल्या चौघांवर नजर ठेवून पुन्हा पाहावेत.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलांना कोणता चेंडू द्यावा? आमच्याकडे सगळे ५ नंबरचेच आहेत.
– माधवगंज

उत्तर : ४ नंबरचा. ५ नंबर तेरापासून पुढे, आणि आठाखालच्यांना ३ नंबर. मोठ्या चेंडूने लहान मुलं बोटांच्या टोकाने मारायला लागतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आपल्याकडच्या कडक मैदानावर हवा थोडी कमी ठेवा, चेंडू उसळून हाताबाहेर जाणार नाही. लांब स्टडचे बूट नकोत, बारीक रबरी ठिपक्यांचे टर्फ शूज घ्या. पोटऱ्या आणि नडग्या दुखण्याची निम्मी तक्रार तिथेच कमी होते. एप्रिल ते जून सकाळी सातच्या आत सराव उरका.