डिपॉझिट अडकलंय? वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

प्रश्न: अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा करार) संपलं, वेळेत कळवून फ्लॅट सोडला, चावीही दिली. आता मालक म्हणतायत पेंटिंगचे पैसे कापणार आणि उरलेलं डिपॉझिट नवीन भाडेकरू आला की देणार. फोन केला की नुसतं "बघू". काय करू?

उत्तर: आधी ॲग्रीमेंट काढा आणि डिपॉझिटचा क्लॉज नीट वाचा, सही करताना बहुतेक जण फक्त भाड्याचा आकडा बघतात. रिकामा ताबा दिला की थकबाकी आणि नुकसान वजा करून रक्कम परत, असंच साधारण लिहिलेलं असतं. नवीन भाडेकरू मिळतोय की नाही हा मालकांचा प्रॉब्लेम, तुमचा नाही. पेंटिंगचं म्हणाल तर राहून राहून रंग उडणं, नळाचा वॉशर जाणं ही वापरातली झीज, तिचे पैसे लागत नाहीत. बेसिन फोडलं असेल तर ते मात्र तुमच्या माथी. पण "सोडताना पेंटिंगचे अमुक रुपये" असं ॲग्रीमेंटमध्येच असेल आणि खाली तुमची सही असेल, तर भांडायला फारशी जागा उरत नाही. आणि कुठे "अट मोडली तर पूर्ण डिपॉझिट जप्त" असं लिहिलं असलं तरी घाबरू नका, करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलाय तो आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा.

आता व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी विचारा, कशाचे किती कापले, बिल दाखवा. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत नेता येतं, फी नाही आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच धरतात, फक्त मालक तयार हवेत. नाहीच जमलं तर दिवाणी दावा, तीन वर्षांच्या आत. पोलिसांत गेलात तर "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील. मला खटकलं ते वेगळंच, चावी देताना लेखी काहीच घेतलं नाही? मीटर रीडिंग, खोल्यांचे फोटो आणि "ताबा मिळाला" अशी मालकांची एका ओळीची सही, एवढं असतं तर अर्धा वाद झालाच नसता.

प्रश्न: मी घरमालक. भाडेकरूनं भाडं थांबवलंय, म्हणतो डिपॉझिटमधून कापा. मुदत संपली तरी हलत नाही. कुलूप बदलू का?

उत्तर: अजिबात नको, लाईट-पाणीही तोडू नका, नाहीतर उलट तुम्हीच अडकाल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करा, मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई मागता येते. ॲग्रीमेंट रजिस्टर केलंय ना? ती जबाबदारी कलम ५५ नं तुमच्यावर टाकलीय, केलं नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. थकलेलं भाडं डिपॉझिटमधून तुम्ही कापू शकता, पण हिशोब लेखी द्या आणि उरलेले पैसे दाबून ठेवू नका.

प्रश्न: किती महिन्यांचं डिपॉझिट कायदेशीर? एजंट म्हणतो अर्धं कॅश द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल.

उत्तर: केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्यानं तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तोवर ॲग्रीमेंटमध्ये ठरेल ते. आणि एजंटचं गणित जरा करून बघा. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर ०.२५ टक्के ड्युटी, म्हणजे लाखाच्या डिपॉझिटमागे वर्षाला २५ रुपये. त्यातले निम्मे, साडेबारा रुपये वाचवायला पन्नास हजार कागदाबाहेर देणार? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लेखी करारात लिहिलंय तोच निर्णायक पुरावा धरतात, त्यामुळे कॅश दिलेले पन्नास हजार उद्या मालक नाही म्हणाले तर सिद्ध करता करता नाकीनऊ येतील. पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि तोच आकडा ॲग्रीमेंटमध्ये टाकायला लावा.