खातं डिलीट करण्याआधी प्रत मागून घ्या

'साइन-अप करताना आय अ‍ॅग्री दाबलं होतं, मग त्या अ‍ॅपकडच्या माझ्या माहितीवर माझा हक्क उरतो का? की खातं डिलीट करून मोकळं व्हावं?' असं तुम्ही विचारलंय. हक्क उरतो, पूर्ण उरतो. फक्त डिलीटची घाई करू नका. आधी त्यांच्याकडे तुमचं काय काय आहे त्याची प्रत मागा.

संमती दिली म्हणजे माहिती विकून टाकली असं होत नाही. युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, मे २०१८ पासून लागू आहे. संमती कधीही मागे घेता येते आणि ती देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं त्यात स्पष्ट आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हे तत्त्व आहे. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनाला तर युरोपीय न्यायालय २०१९ पासून संमती मानतच नाही.

आता प्रत आधी का? खातं एकदा गेलं की त्यांच्याकडे काय होतं, कोणाला दिलं होतं, हे दाखवायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. मी एका सेवेकडे अशी प्रत मागितली होती. पहिल्यांदा त्यांनी प्रोफाइलचंच पान पाठवलं: नाव, ईमेल, जन्मतारीख. मी प्रत मागण्याचा हक्क देणारं जीडीपीआरचं कलम १५ नमूद करून पुन्हा लिहिलं. तीन आठवड्यांनी झिप फाइल आली. लॉग-इनच्या नोंदी अपेक्षितच होत्या, पण एका तक्त्यात माझ्याबद्दलचे अंदाज होते: उत्पन्नगट, घर बदलण्याची शक्यता, 'मुलं: बहुधा दोन'. यातलं मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत बसलो. तुमच्याबद्दल बांधलेला अंदाज हीसुद्धा तुमचीच वैयक्तिक माहिती असते आणि तो चुकीचा असेल तर दुरुस्त करून मागता येतो.

ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्सने कायद्याचा विद्यार्थी असताना २०११ मध्ये फेसबुककडे हेच मागितलं, तेव्हा हजारावर पानं आली. त्याने स्वतः डिलीट केलेले मेसेजही त्यात होते. पुढे त्याने लढवलेल्या प्रकरणांत युरोपातून अमेरिकेत डेटा नेण्याच्या दोन व्यवस्था न्यायालयाने रद्द केल्या, एक २०१५ मध्ये आणि दुसरी २०२० मध्ये.

पत्र साधं लिहा आणि खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवा. माझा सगळा डेटा, तो कशासाठी वापरता, कोणाकोणाला दिला, कुठून मिळवला, किती दिवस ठेवणार, एवढं विचारा. जीडीपीआरखाली एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. पहिली प्रत फुकट असते. ओळखपत्राचा फोटो मागितला तर लगेच देऊ नका. तुमच्या ओळखीबद्दल वाजवी शंका असेल तरच जादा पुरावा मागता येतो. म्हणून शंका नेमकी काय आहे ते आधी विचारा.

प्रत हाती आली की मग कलम १७खाली डिलीट करायला सांगा. फोनमधून अ‍ॅप काढणं किंवा खातं डीअ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे डिलीट नव्हे. सगळंच पुसलं जाईल असंही नाही. कर किंवा हिशेबाच्या कायद्यामुळे काही कागद त्यांना ठेवावेच लागतात. ज्यांना माहिती दिली त्यांनाही डिलीटबद्दल कळवा, हे पत्रात घालायला विसरू नका.

'आम्ही नाव काढून डेटा अनामिक केला' असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी दाखवून दिलंय की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पोस्टल कोड एवढ्यावरून अमेरिकेतली बहुसंख्य माणसं एकेकटी ओळखता येतात. म्हणून नावाशिवाय कोणकोणते रकाने ठेवलेत तेही विचारा.

मुदत उलटली तर या कायद्यावर देखरेख करणाऱ्या डेटा संरक्षण नियामकाकडे तक्रार करा, वकील लागत नाही. दंड २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे बरीच उत्तरं तक्रारीच्या आधीच येतात. फाइल आल्यावर एखादा रकाना कळला नाही तर त्यातली माहिती झाकून फक्त शीर्षक मला कळवा, आपण मिळून बघू.