आधी चार खाने भर

प्रिय,

तुझी मेल वाचली. डीएनएवरच्या दोन जागांची अ‍ॅलील, म्हणजे त्या जागेची पर्यायी रूपं, किती एकत्र येतात हे डी-प्राइम आणि आर-स्क्वेअर हे दोन आकडे मोजतात. तुझ्या एका जोडीचा डी-प्राइम १ असताना हॅप्लोव्ह्यूच्या (हे संबंध रंगीत चौकोनांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चित्रात तिचा चौकोन लाल न येता निळा का, आणि आर-स्क्वेअर जेमतेम ०.०५ कसा, असं विचारलंयस. दुसरं सॉफ्टवेअर वापरू का, असंही. नको. कागद घे आणि चार खाने भर: दोन जागा, प्रत्येकी दोन अ‍ॅलील, म्हणून चार जोड्या.

२० माणसं म्हणजे ४० गुणसूत्रं. पहिल्या जागी विरळ अ‍ॅलील फक्त २ गुणसूत्रांवर, दुसऱ्या जागी दोन्ही अ‍ॅलील २०-२०. हॅप्लोटाइप, म्हणजे एकाच गुणसूत्रावर आलेल्या अ‍ॅलीलच्या जोड्या, मोज: नेहमीच्या अ‍ॅलीलबरोबर १८ आणि २०, विरळ अ‍ॅलीलबरोबर २ आणि ०. एक खाना रिकामा असला की डी-प्राइम १च येणार. लेवोंटिननी १९६४ मध्ये त्याची व्याख्याच तशी केली. पण विरळ अ‍ॅलीलची दोनच गुणसूत्रं असली, तर निव्वळ योगायोगानेही जवळजवळ निम्म्या वेळा एक खाना रिकामा राहतो. निळा रंग तेच सांगतोय: डी-प्राइम १, पण एलओडी, म्हणजे संबंधाच्या पुराव्याचं वजन, २च्या खाली. पुरावा तोकडा.

आमच्या विभागाने हे हाताचं गणित ‘वेळखाऊ’ म्हणून प्रात्यक्षिकातून काढलं, तेव्हा बैठकीत मी एकटाच विरोधात होतो. ती सल अजून आहे. नंतरच्या मुलांना कमांड तोंडपाठ, पण खान्यात काय आहे ते विचारलं की गप्प. हट्टी म्हणतात मला, म्हणोत. लाखो जोड्या हाताने कर असं मी कधीच म्हटलं नाही. पण ज्या जोडीवर निष्कर्ष काढणार, तिचे खाने तरी भर!

आणि दोन समाजांचे नमुने एकाच फाइलमध्ये टाकलेस, हे मला अजिबात पटलेलं नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लग्नं जातीतच होत आली, त्यामुळे अ‍ॅलीलची प्रमाणं गटागटांत वेगळी. गट मिसळले की वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या जागांतही संबंध दिसू लागतो. प्रत्येक गटाचे खाने वेगळे भर.

घाबरू नकोस, काम वाया गेलेलं नाही. फक्त प्लिंकच्या (जनुकीय माहितीवर गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आउटपुटवरून काढलेली ती आर-स्क्वेअरची सरासरी काढून टाक. प्लिंक १.९ मध्ये आर-स्क्वेअरची किमान मर्यादा दिली नाही, तर ०.२च्या खालचे आर-स्क्वेअर नेहमीच्या यादीत येतच नाहीत. उरलेल्यांची सरासरी फुगणारच. मर्यादा ० कर, गट वेगळे चालव. आणि गाइडना हीटमॅप दाखवण्याआधी त्या निळ्या चौकोनाचे दोन्ही गटांतले खाने हाताने भरून मला पाठव.