अँबॅसेडरला कॉइलओव्हर बसवताय? आधी एवढं बघा

तुमच्या जुन्या गाडीला पुढे कॉइलओव्हर, म्हणजे शॉक अब्सॉर्बरभोवती स्प्रिंग असलेलं युनिट, बसवायचंय असं लिहिलंत. इंदूरच्या रस्त्यावर अजून एक अँबॅसेडर उतरणार, फार बरं वाटलं! पण स्प्रिंग मागवायची घाई करू नका.

तुमच्या गाडीत पुढचा भार टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई) पेलतो. तो काढला की सगळं वजन कॉइलओव्हरच्या वरच्या बोल्टावर येतं, आणि नवखे नेमके इथेच चुकतात: मडगार्डच्या आतल्या पातळ पत्र्याला या बोल्टाचं ब्रॅकेट वेल्ड करतात. माझ्या पहिल्या गाडीत वेल्डिंगशेजारी केसाएवढा तडा गेला होता; रंग खरवडला तेव्हा दिसला. ब्रॅकेट गाडीच्या सांगाड्यातल्या मजबूत मेंबरलाच जोडा आणि वेल्डर अनुभवी बघा.

स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर उभी बसली, तर चाकापाशी तिचा कडकपणा चौथाईच उरतो. म्हणून आधी मापं, मग ऑर्डर.

बाकी थोडक्यात:
- बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसा. चाकं लटकती असताना कसले तर रबर लवकर फाटतं.
- स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणतो का बघा.
- गाडी फार खाली आणू नका, आपल्याकडे स्पीडब्रेकर आहेत.

डॅम्पिंगच्या क्लिक (शॉक किती कडक ते ठरवणाऱ्या खाचा) सध्या मधोमध ठेवा. वेल्डिंगआधी आरटीओत परवानगीचं विचारून या. ब्रॅकेटचे फोटो पाठवा, मी नक्की बघतो.