गाडीला हात लावू नकोस

पोरी, आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा चिडलो. "काका, गाडी आजवरची सगळ्यात फास्ट पळाली आणि तरी मी हरले, हा कुठला न्याय?" असं वर विचारतेस, आणि खाली लिहितेस की नवा कॅमशाफ्ट मागवलाय, मागच्या ॲक्सलला ४.१० चे गिअर टाकायचेत, जमलं तर ताकद वाढवायला नायट्रस वायू. पाव मैलाच्या ब्रॅकेट रेसमध्ये, काचेवर आपणच आधी लिहिलेल्या वेळेपेक्षा गाडी जोरात पळाली म्हणून हरलीस, आणि त्यावर उपाय काय, तर ती आणखी जोरात पळवायची! इंजिन कॅलिब्रेशनचा पगार घेणाऱ्या मुलीनं हे लिहावं?

गाडीला हात लावू नकोस. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाच.

आता त्या संध्याकाळचं. दुपारी मिशिगनमधल्या मिलानच्या ड्रॅग स्ट्रिपवर ३२ अंश होतं, तेव्हा तुझी जुनी प्लिमथ डस्टर १४.३२ सेकंदांना आली. त्यावरून काचेवर १४.३० लिहिलंस. दुपारपुरतं ते बरोबर होतं. पण तुझी पुढची फेरी लागेपर्यंत दिवे लागले होते आणि पारा २२ वर आला होता. दहा अंश उतरले की हवा तीनेक टक्क्यांनी दाट होते. इंजिनाला तेवढी हवा जास्त मिळाली की ताकद जवळपास तेवढीच वाढते, आणि तीन टक्के ताकदीमागे पाव मैलाच्या वेळातून साधारण एक टक्का जातो. चौदा सेकंदांचा एक टक्का काढून बघ. तू १४.२४ ला आलीस, म्हणजे त्या मानानं थोडक्यात निभावलं. पण स्वतःच लिहिलेल्या आकड्याच्या सहा शतांश आधी पोचलीस. ब्रेकआऊट. बाहेर. यात इंजिनाचा दोष कुठे आहे ते मला दाखव.

आपण दोघं जुन्नर-आंबेगावकडचे. घाटात बैलगाड्यांची बारी पळते ती घड्याळावर, कमी सेकंदांत वर जाईल त्याचा गाडा पहिला. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते, मी तुला दोष देत नाही. पण ब्रॅकेट रेसमध्ये आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी आपणच जाहीर करायचं, पांढऱ्या शू-पॉलिशनं, सगळ्यांना दिसेल असं. मग संथ गाडीला तेवढी सूट देऊन आधी सोडतात, आणि आपल्या शब्दाला जो जास्त चिकटून राहील तो जिंकतो. म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीची गाडी कालच्या गाडीला हरवू शकते. दर महिन्याला गाडीत काहीतरी नवं ठोकणाऱ्याला आपला आकडा कळणार तरी कसा? म्हणून म्हणतो, हात लावू नकोस.

गेल्या मोसमात मी जिंकलो त्याच्या शेवटच्या फेरीची वेळा छापलेली स्लिप माझ्या पाकिटात आहे. समोर ११.६० लिहिलेली शेवरले कमारो, रुंद गुळगुळीत स्लिक टायर, हूडमधून वर आलेला हवा ओढणारा स्कूप. माझ्या रोड रनरच्या काचेवर १४.४०. म्हणजे मला २.८० सेकंद आधी सुटायचं होतं. प्लिमथनं १९६८ चं मॉडेल म्हणून ही गाडी काढली तीच मुळी तीन हजार डॉलरच्या आत चौदा सेकंदांची गाडी द्यायची म्हणून. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले, बीप-बीप वाजणारा हॉर्न दिला, आणि आत साधा गालिचा नाही. ३८३ घन इंचांचं इंजिन, कागदावर ३३५ हॉर्सपॉवर. ती अजूनही चौदाची गाडी आहे आणि मी ती चौदाचीच ठेवली आहे.

संथ गाडीवाल्याचं दुखणं तुला आता कळायला लागलं असेल. समोर रस्ता मोकळा, मागून येणाऱ्याचा नुसता आवाज. त्याला मी पुढे दिसतोय, तो अंदाज घेऊन शेवटी ब्रेकसुद्धा मारू शकतो. मला काही दिसत नाही. आरशात बघायचा मोह होतो, पाय ढिला करायचा मोह होतो. मी दोन्ही करत नाही. माझी रिॲक्शन, म्हणजे हिरव्या दिव्यापासून सुटेपर्यंतचा वेळ, ०.०४५, त्याची ०.०२०. माझी गाडी १४.४३, त्याची ११.६६. रिॲक्शन आणि लिहिलेल्यापेक्षा जास्त लागलेला वेळ मिळून माझे एकूण ७५ हजारांश गेले, त्याचे ८०. पाच हजारांश सेकंदानं जिंकलो, त्याच्या वेगात ते अंतर वीतभर होतं. त्याची गाडी माझ्यापेक्षा पावणेतीन सेकंदांनी तेज आणि आपल्या हिरव्यावर सुटायलाही तो माझ्यापेक्षा चपळ, पण दुपारी त्यानं पिटमध्ये कार्ब्युरेटरचे जेट बदलले होते. मी पाहिलं होतं. माझ्या गाडीला महिनोन्‌महिने पान्हा लागलेला नव्हता.

तुला हे सगळं ऑफिसात कळतं. डायनोवर, इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, एका वेळी एकच गोष्ट बदलतेस, बाकी सगळं बांधून ठेवतेस. मग शनिवारी ही अक्कल पार्किंगमध्ये ठेवून का येतेस? वही घाल. तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा, टायरमधली हवा, टाकीत पेट्रोल किती, सुटताना पाण्याचं तापमान, सिक्स्टी-फूटची म्हणजे पहिल्या साठ फुटांची वेळ, मैलाच्या आठव्या हिश्शाची वेळ. दोन फेऱ्यांमध्ये इंजिन किती वेळ गार झालं तेही. सिक्स्टी-फूट जर दर वेळी पाच शतांश इकडेतिकडे होत असेल तर तुझा दोष सुरुवातीच्या साठ फुटांतच आहे, तिथं कॅमशाफ्ट काय करणार?

स्टेजिंगचंही, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावण्याचंही, बोलून टाकतो, कारण त्या दिवशी तुझ्या मागच्या रांगेत उभा राहून मी कपाळाला हात लावला होता. दुसरा दिवा लागला की थांब. लागला म्हणजे लागला. तू एकदा दिवा लागताच थांबलीस, एकदा आणखी इंचभर आत गेलीस. चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणात आणखी आत गेलं की ते लवकर बाहेर पडतं, म्हणजे रिॲक्शन सुधारल्यासारखी दिसते आणि गाडीची वेळ वाढते. मग घरी जाऊन दोन स्लिपा शेजारी ठेवून तू कोड्यात पडणार, आणि कॅमशाफ्ट मागवणार. आणि हिरव्याची वाट बघत बसू नकोस. पिवळे तीन, प्रत्येक अर्ध्या सेकंदानं, तिसरा पेटताना पाय सुटला पाहिजे. हिरवा डोळ्यांनी पाहिलास की उशीर झालाच. स्ट्रीट टायर आहेत, तर स्लिक्स भिजवायच्या पाण्याच्या डबक्यातून जायचं कारण नाही, बाजूनं ये. सुटताना इंजिन १५०० आरपीएमला धरलंस, तर दर वेळी १५०० ला धर.

तुझ्या डस्टरच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, बी आहे म्हणालीस, म्हणजे ती डेट्रॉईटजवळच्या हॅमट्रॅम्कची, डॉज मेनमध्ये बनलेली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मी अमेरिकेत आलो तेव्हा तिथं आमच्यातले काही जण नोकरीच्या चौकशीला जाऊन बंद फाटक बघून परत आलेले होते. डेट्रॉईट ड्रॅगवे हा शर्यतीचा ट्रॅक मात्र चालू होता, तोच, जिथं १९५९ आणि १९६० चे एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेचे नॅशनल्स झाले. शनिवारी बस नि पायी करत तिथं जायचो आणि कुंपणाबाहेरून आवाज ऐकायचो. आत जायचं तिकीट परवडत होतं. पण हे आपल्या लोकांचं काम नव्हे, असं ज्यानं त्यानं सांगितलं, मीही मानलं, घर, ग्रीन कार्ड, मुलं यात चाळिशी उलटली. त्या वर्षांचं मला फार वाटतं, अजून वाटतं. तेव्हा ह्या गाड्या कवडीमोलानं अंगणात गंजत पडलेल्या असायच्या. तू सत्ताविसाव्या वर्षी आतल्या बाजूला उभी आहेस आणि एका ब्रेकआऊटवर रडतेस.

मला चिकट म्हणतात हे ठाऊक आहे. भित्राही म्हणतात, गाडी उघडली तर जुळवता येणार नाही म्हणून हात लावत नाही असं. ३८३ मी डोळे मिटून जुळवीन. माझ्या मुलानं एकदा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा सगळा आराखडा करून आणला होता. हवेप्रमाणे मिश्रण आपोआप सांभाळेल, बाबा, म्हणजे तुमचा आकडा आणखी स्थिर राहील, असं म्हणाला. आकडेही दाखवले, त्यात खोट नव्हती. मी म्हटलं, कार्ब्युरेटर राहील. दोन मोसम वाद झाला, मग तो ट्रॅकवर यायचाच थांबला. आता तू म्हणशील, काका, मग बरोबर तोच होता ना? यंत्रापुरतं असेल. पण मिश्रण कॉम्प्युटरनं सांभाळलं की संध्याकाळी आकाशाकडे बघून दहा शतांश कमी करायचं डोकं कोण वापरणार? ते डोकं वापरायलाच मी जातो. नाहीतर घरी बसून पेन्शन खाल्ली असती. त्याला हे मी नीट सांगू शकलो नाही, तुला सांगतोय, ऐकून घे.

वेग हवाच असेल तर वेगळी गाडी घे, खुशाल घे, मी रंगसुद्धा निवडायला येतो. पण ३४० घन इंचांच्या इंजिनाची १९७० ची डस्टर, जिला कारखान्यानं २७५ हॉर्सपॉवर लिहिली आणि जुने लोक ती मुद्दाम कमी लिहिली असं सांगतात, ती तुझ्याकडे आयती धडधाकट आलीय. एक आख्खा मोसम तिला तशीच पळव. ऊन, ढग, समोरचा वारा, पावसानंतरची ओली हवा, सगळ्यात. मग सप्टेंबरच्या गार संध्याकाळी १४.१६ लिहिताना तुझा हात थांबणार नाही.

कॅमशाफ्टचा खोका फोडला नसशील तर सोमवारीच परत पाठव, ठेवणावळ कापून पैसे मिळतील. गिअरची ऑर्डर आजच रद्द कर. शनिवारी मी साडेसातला गेटवर असेन, थर्मामीटर आणि वारा मोजायचं यंत्र माझ्याकडे जास्तीचं आहे, वही तू आण. डब्याचं बघू नकोस, काकू थालीपीठं देणार आहे.

— काका